पेनिसिलीनची टिकली

लवू पेडणेकर वाचला, असं सगळे धरूनच चालले होते. नायगावात संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेचं व्यासपीठ उतरवताना त्याच्या तळपायात गंजका खिळा घुसला होता. गिरणीतला फिटर माणूस, हातापायाला लागणं रोजचंच. त्याने जखमेत हळद दाबली आणि पाळीला गेला. पुढच्या आठवड्यात जेवायला बसला तर जबडाच उघडेना. परळच्या रुग्णालयात आणला तेव्हा त्याची पाठ कमानीसारखी वाकली होती. बायको लक्ष्मी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून टॅक्सीतून उतरली होती, कारण डोकं कुठे जरा टेकलं की त्याला आचका यायचा.

धनुर्वाताचा वॉर्ड इमारतीच्या मागच्या अंगाला होता. खिडक्यांवर काळी घोंगडी, बिजागऱ्यांना तेल, नर्सांच्या बुटांना रबरी तळवे. या आजारात उजेड पडला तरी आचका येतो, भांडं वाजलं तरी येतो. वॉर्डाच्या टोकाला एक लहान खोली होती. आचक्यांनी ज्यांचा श्वासच कोंडायचा त्यांना तिथे नेत. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची, औषधाने सगळं अंग लुळं करून टाकायचं आणि काळी रबरी पिशवी हाताने दाबून दाबून श्वास द्यायचा. नळीत कफ साचला की बारीक रबरी नळीने तो ओढून काढायचा. हे रात्रंदिवस. या खोलीची नर्स होती मालन तांबे.

मालन भोईवाड्यातली. बाप कुशाबा गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्याला, आई मीराबाई घरीच. दोन वर्षांपूर्वी घरातले देव समुद्राला देऊन हे कुटुंब बौद्ध झालं होतं. चाळीतून नर्सिंगला गेलेली ती पहिली मुलगी. पहिल्या वर्षी वॉर्डातल्या एका म्हातारीने तिच्या हातचं पाणी नाकारलं होतं, आणि घसा सुकल्यावर संध्याकाळी तेच पाणी मागून प्याली होती. मालनने ते मनाला लावून घेतलं नाही. तिने एवढंच ठरवलं, की आपल्या हाताकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही. ती पाळी संपल्यावरही खोलीत थांबायची. इंजेक्शनं द्यायची ती तिनेच, कारण तिच्या हाताला आचका येत नाही असं इनचार्ज सिस्टरच म्हणायच्या. लवूच्या नळीशी वाकून, कान जवळ नेऊन ती कफाची घरघर ऐकायची आणि वेळेवर ओढून काढायची.

एके दिवशी दुपारी परळ नाक्यावरून समितीचा मोर्चा येणार असं कळलं. घोषणा रुग्णालयाच्या भिंतीला लागूनच होणार होत्या. लक्ष्मी पदर खोचून रस्त्यावर गेली आणि पुढे चाललेल्या कार्यकर्त्यांना तिने सांगितलं, की आत तुमचाच माणूस आहे आणि तुमच्याच घोषणेने मरेल. मोर्चा तोंड मिटून गेला. आत फक्त हजारो पायांचा आवाज आला, पाऊस लांबून यावा तसा. लवूचे डोळे उघडे होते. औषधाचा अंमल त्या वेळी उतरत होता; त्याला बोलता येत नव्हतं, पण ओठ हलले ते मालनने पाहिले. त्या दिवशी त्याला एकही आचका आला नाही.

त्यानंतर तो सुधारतच गेला. औषध कमी केलं, हाताला जोर आला, श्वास त्याचा तो घेऊ लागला. नळी काढायची गोष्ट निघाली. लक्ष्मीने गावी सासूला कळवलंसुद्धा.

आणि त्याला ताप भरला.

डॉक्टर सबनीस त्या वॉर्डाचे ऑनररी, म्हणजे बिनपगारी मानद डॉक्टर. राजाराम सबनीस, मोठं नाव, माणूसही प्रेमळ. त्यांनी छाती तपासली आणि न्यूमोनिया म्हणून सांगितलं. काळजीचं कारण नाही म्हणाले. पेनिसिलीन तर लवूला पहिल्या दिवसापासून चालूच होतं, खबरदारी म्हणून. त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकालाच ते चालू असायचं. सबनीसांनी ते दुप्पट केलं. मालनने इंजेक्शनं भरली, सुई वर धरून हवा काढली, बारीक फवारा उडाला, इंजेक्शन दिलं. ताप उतरला नाही. पुन्हा दुप्पट. जोडीला स्ट्रेप्टोमायसीन. नळीतून पिवळा पू येऊ लागला, श्वासासाठी पुन्हा पिशवी लावावी लागली, आणि ज्या माणसाने धनुर्वाताला हरवलं होतं तो सकाळच्या राउंडला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पिशवी दाबली जात असताना गेला.

सबनीस खाटेशी उभेच राहिले. मालन पिशवी दाबतच होती. इनचार्ज सिस्टरनी तिचा हात धरून थांबवला. पेनिसिलीन देऊनही न्यूमोनियाने माणूस जातो, हे त्या खोलीतल्या कुणालाच खरं वाटत नव्हतं. या औषधाने न्यूमोनियाचं भय संपलं म्हणून तर गळ्याला छेद द्यायची हिंमत झाली होती.

दुसऱ्या दिवशी जंतूशास्त्राच्या प्रयोगशाळेतून डॉक्टर राधा प्रधान स्वतः वॉर्डात आल्या. बाई तिशीच्या, बोलायला तुटक. लवूच्या नळीतला पू त्यांच्याकडे तपासायला गेला होता. त्यांनी सबनीसांना आणि मालनला खाली नेलं आणि एक काचेची थाळी उजेडासमोर धरली. थाळीत रक्त मिसळलेला थर, आणि त्यावर दाट वाढलेले जंतू. मध्ये कुंकवाच्या टिकलीएवढ्या कागदाच्या गोल टिकल्या ठेवलेल्या होत्या. प्रत्येक टिकलीत एकेक औषध भिजवलेलं. राधाबाईंनी समजावलं, की औषध चालत असलं तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि मोकळं वर्तुळ पडतं. मग त्यांनी पेनिसिलीनची टिकली दाखवली.

तिच्याभोवती वर्तुळ नव्हतं. जंतू टिकलीच्या कडेला भिडले होते. एका बाजूने तर तिच्यावर चढल्यासारखे दिसत होते.

स्ट्रेप्टोमायसीनचीही तीच गत. टेट्रासायक्लीनची तीच. एकाच टिकलीभोवती स्वच्छ, रुंद वर्तुळ होतं. एरिथ्रोमायसीन, नवं औषध, मुंबईत मोजक्या दुकानांत मिळणारं.

सबनीसांनी थाळी हातात घेऊन उजेडाकडे तिरकी केली. मग त्यांनी विचारलं, की म्हणजे मी त्याला दिलं ते काय होतं?

"पाणी," राधाबाई म्हणाल्या. "त्या जंतूच्या दृष्टीने पाणी."

 आपल्या हाताने दिलेलं प्रत्येक इंजेक्शन मालनला आठवू लागलं. लवू लुळा असला तरी सुई टोचताना त्याच्या भुवया हलायच्या, त्या आठवल्या.

राधाबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. शेजारच्या खाटेवर सुंदराबाई होती, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतली, बाळंतपणानंतर धनुर्वात झालेली. तिच्याही नळीतला कफ त्यांनी तपासला होता. तिला अजून तापही नव्हता, पण जंतू तोच होता. सगळ्या टिकल्यांना त्याने दिलेली उत्तरं अगदी लवूच्या जंतूसारखीच होती. याआधी त्या खोलीत दोन रोगी असेच ताप येऊन गेले होते. तेव्हा धनुर्वाताने मृत्यू असं लिहून सगळे मोकळे झाले होते. राधाबाईंचं म्हणणं असं, की खाटेवर बांधलेली माणसं एकमेकांकडे जात नाहीत. जंतू त्यांच्याकडे कुणीतरी नेतो. हा जंतू माणसाच्या नाकात राहतो, आणि ज्याच्या नाकात राहतो त्याला काहीही होत नाही. तेव्हा खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं नाक तपासायचं.

सबनीस म्हणाले, जरूर तपासा. आपण मात्र राउंडपुरतेच जातो, असं त्यांनी पुढे जोडलं. राधाबाई म्हणाल्या, राउंडपुरतं नाकही बरोबर येतं.

कापसाचा बोळा गुंडाळलेल्या काड्या प्रत्येकाच्या नाकात फिरल्या. सुंदराबाईसाठी नवं औषध शहरभर शोधून आणलं आणि त्याच दिवशी चालू केलं. मालन त्या धावपळीत होती. ती मनोमन आया, सफाईवाले, पाणीवाला यांची तोंडं आठवत होती आणि यातला कोण असेल याचा अंदाज बांधत होती. स्वतःचा विचार तिच्या मनात आलाच नाही.

राधाबाईंनी तिला प्रयोगशाळेत एकटीलाच बोलावलं. दार लावून घेतलं. थाळी टेबलावर होती. पेनिसिलीनची टिकली मालनने आता लांबूनही ओळखली; तिच्याभोवती याही थाळीत वर्तुळ नव्हतं.

"ही तुमची आहे, सिस्टर," राधाबाई म्हणाल्या.

मालनला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिने पुन्हा विचारलं. राधाबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. नाक भरून आहे म्हणाल्या. मालनचा हात आपोआप नाकावर गेला आणि तिथेच राहिला. तिला आठवलं ते लवूच्या नळीशी वाकणं. किती जवळ वाकायची ती. गरमी फार होते म्हणून मास्क गळ्यात सोडलेला असायचा, सगळ्यांचाच असायचा. ती ऐकायची तेव्हा तिचा श्वास सरळ त्या उघड्या भोकात जात होता.

"मी त्याला मारलं का?" तिने विचारलं.

राधाबाईंनी थाळीवर झाकण ठेवलं. आपल्याला ते सांगता येणार नाही, असं म्हणाल्या. बाकीच्या थाळ्या अजून तयार नव्हत्या. पण तोवर मालनला त्या खोलीत जाता येणार नव्हतं.

मेट्रनने तिला रजा दिली. कारण कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. क्वार्टर्समधून पिशवी घेऊन ती निघाली तेव्हा जिन्याखाली दोघी आया बोलत उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, की शिकून सवरून काय, शेवटी विटाळ तो विटाळच. मालनला पाहून त्या गप्प झाल्या. मालन पिशवी सावरत पुढे निघाली.  आयुष्यभर आईबापांनी जे खोटं म्हणून सांगितलं ते आज थाळीत उगवून आलंय की काय, असं तिला फाटकापर्यंत चालताना वाटत राहिलं, आणि असं वाटल्याची तिला आणखी भीती वाटली.

घरी तिने आईबापांना सगळं सांगितलं. मीराबाई रडू लागली. कुशाबा बाजेवर बसून ऐकत होता. मग तो बोलू लागला, आणि बोलला ते गिरणीचं. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार जास्त, पण त्याला तिथे कधी घेतलं नाही. साच्यावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातला धागा तुटला की साचेवाल्याला तो तोंडाने ओढून घ्यावा लागतो. एकाच धोट्याला दहाजणांची तोंडं लागतात. त्यात आपलं तोंड नको म्हणून बाकीचे अडून बसले. सगळा जन्म रिंगखात्यात गेला.

"तेव्हा माझ्या थुंकीत काय होतं ते कुणी काचेत घालून बघितलं नव्हतं," तो म्हणाला. "तुझ्या बाईंनी निदान बघितलं. त्यांना म्हणावं, आमचंही बघा."

मालनला वाटलं, हा बापाचा राग आहे. पण सकाळी तोच उठून रुग्णालयात गेला, राधाबाईंना भेटला आणि त्यांना भोईवाड्यात घेऊनच आला. बाईंनी पेटी उघडली. कुशाबाच्या नाकात काडी फिरली, मीराबाईच्या फिरली, दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांतल्या माणसांच्या फिरली. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. मालन भिंतीला टेकून उभी होती आणि तिला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. घरच्यांच्या नाकातही तेच निघालं तर सगळं रुग्णालय म्हणेल, की चाळीतूनच आणलं.

राधाबाई पुन्हा आल्या त्या थाळ्या घेऊनच आल्या. ही रीत नव्हती, पण त्यांनी त्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. काहींच्या नाकात त्याच जातीचा जंतू होता, तो निम्म्या जगाच्या नाकात असतो म्हणाल्या. पण पेनिसिलीनच्या टिकलीभोवती प्रत्येक थाळीत मोठं, मोकळं वर्तुळ होतं. कुशाबाच्या थाळीत सगळ्यांत मोठं.

मालन बघत राहिली.

राधाबाईंनी मग सांगितलं ते तिला आधी नीट समजलंच नाही. चाळीतल्या जंतूने पेनिसिलीन कधी पाहिलेलंच नव्हतं, म्हणून तो साध्या मात्रेने मरत होता. न मरणारा जंतू त्या बंद खोलीत तयार झाला होता, जिथे खबरदारी म्हणून प्रत्येकाला तेच औषध रोज मिळत होतं. साधे जंतू मेले, उरले ते हे. सुई वर धरून हवा काढताना जो फवारा उडतो तो नर्सच्याच नाकात जातो. नाकातले जुने गरीब जंतू त्याने मरतात आणि मोकळ्या जागेत हा येऊन बसतो. बाईंनी हे कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं. आपल्याकडे पुरावा नाही, एवढंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"सगळ्यांत जास्त इंजेक्शनं तुम्ही दिलीत," त्या म्हणाल्या. "खोलीने हा तुम्हाला दिलाय, सिस्टर. तुम्ही खोलीला नाही."

आणि जाताजाता त्यांनी सांगितलं, की सबनीसांच्या नाकातही तोच निघाला. आणखी दोघांच्याही. कुणी कुणाला दिला, लवूपर्यंत कुणाचा पोचला, हे कोणतीच थाळी सांगणार नव्हती. सबनीसांनी निकालाचा कागद उभ्या उभ्या वाचला होता, खिशातला रुमाल काढून नाकापाशी नेला होता आणि तसाच परत ठेवला होता. मग त्यांनी स्वतःच वॉर्डात सांगितलं, की माझंही आहे. त्या दिवसापासून त्या आया गप्प झाल्या.

मालनला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपण आणलं नाही हे खरं. पण वाकून आत सोडलं नाही, असं तिला कुणीच सांगू शकत नव्हतं.

लवूचे दिवस झाल्यावर लक्ष्मी भोईवाड्यात आली. पत्ता तिने रुग्णालयाच्या फाटकावर विचारला होता. मालनने तिला बसवलं, पेल्यात पाणी दिलं. पेला घेताना लक्ष्मी किंचित अडखळली आणि मग प्याली. तिला एकच विचारायचं होतं. मोर्चा गेला त्या दिवशी त्याचे ओठ हलले असं मालन म्हणाली होती. तो काय म्हणाला?

"झालाच पाहिजे, एवढंच," मालनने सांगितलं. "आवाज नव्हता. पण तेच होतं."

लक्ष्मीने मान हलवली. ती ते ऐकायलाच आली होती. तिला तेवढंच घेऊन जाऊ दिलं असतं तर चाललं असतं. पण मालनला ते जमलं नाही. तिने सगळं सांगितलं. थाळी, टिकली, आपलं नाक, डॉक्टरांचं नाक, औषधाचं पाणी होणं. वहिनी, माझ्यामुळे असेल किंवा नसेल, पण तुम्हाला ठाऊक असायला हवं, असं ती म्हणाली.

 लक्ष्मी हातातल्या पेल्याकडे बघत राहिली, आणि ती नेमकी कशाने बघते आहे, जंतूच्या भीतीने की आणखी कशाने, हे मालनला कळेना. बहुधा लक्ष्मीलाही कळत नसावं. पेला अर्धा भरलेला होता. तिने तो हळूच खाली ठेवला.

"तो धनुर्वाताने नाय गेलो?"

"नाही."

"बरो झालो होतो?"

"हो. बरा झाला होता."

 मग लक्ष्मी उठली, चपला घातल्या, आणि दारात वळून म्हणाली, "माका सांगितलंस, आता आमच्याकडल्या आणखी कोणाक सांगू नको. ते आधी तुझी जात विचारतले, आजार मगे. डॉक्टराची कोण विचारूचो नाय." थोडं थांबून ती म्हणाली, "मी काय परत येवचंय नाय, बाय. तुझ्या तोंडाकडे बघूक माका जमूचा नाय."

ती गेली. मालनने तिला जिन्यापर्यंतही सोबत केली नाही.

नाकात लावायचं मलम पुढे कितीतरी दिवस चाललं. मालन दर आठवड्याला प्रयोगशाळेत जाऊन स्वतःहून काडी फिरवून घ्यायची. एकदाची तिची थाळी स्वच्छ निघाली. नक्की का, असं तिने विचारलं, तर राधाबाई म्हणाल्या, आजपुरतं नक्की.

खोलीत परत गेली तेव्हा बरंच बदललं होतं. कफ ओढायची नळी प्रत्येक खाटेची वेगळी, उकळलेली. मास्क नाकावरून खाली घेतला की सबनीस स्वतः बोट दाखवायचे. खबरदारीचं पेनिसिलीन बंद. सुई वर धरून हवा काढायची ती कापसाच्या बोळ्यात. या सगळ्यात नवीन असं काही नव्हतं, सगळं आधीही करता आलं असतं, आणि हेच मालनला पुन्हा पुन्हा आत कुठेतरी लागत राहिलं.

सुंदराबाईला नव्या औषधाने उतार पडला होता. गळ्यातली नळी निघाली होती, भोक मिटत आलं होतं. घरी जायच्या दिवशी तिने बोट भोकावर दाबून धरलं आणि पहिल्यांदाच मालनला हाक मारली. आवाज फाटका, हवा गळत असलेला. नर्सबाई, अशा जवळ या ना, पूर्वी यायचात तशा, असं ती म्हणाली.

मालन जागीच थबकली. मग तिने बेसिनशी जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, मास्कची नाडी घट्ट ओढली, आणि खाटेशी येऊन सुंदराबाईचा हात हातात घेतला. तोंड मात्र तिने खिडकीकडे वळवून ठेवलं होतं.